माळ्यावरचे उंदीर: पाचपैकी चार तारे

ठाण्यात चरईत आमचं मंगलोरी कौलांचं जुनं घर आहे. हॉलवर लाकडी माळा, त्यावर जादा गाद्या, पितळी भांडी, गणपतीचं मखर आणि सासूबाईंना विचारल्याशिवाय टाकता येत नाही असं बाकी सगळं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, फॉल्स सीलिंगच्या वर हाच प्रकार चालतो.

ज्या पेस्ट कंट्रोलवाल्यांना मी हे तारे देतेय, त्यांच्याआधी उन्हाळ्यात दुसऱ्या एका कंपनीशी वार्षिक करार केला होता. त्यांचा माणूस आला, शिडीवरूनच माळ्यावर उंदराच्या विषाचे निळे केक भिरकावले, माझी सही घेतली आणि चहाला नको म्हणून गेला. 'विष खाल्लं की उंदीर पाण्यासाठी बाहेर जातो आणि बाहेरच मरतो' हे जाता जाता ऐकवलं. तसं काही नसतं. या केकमध्ये बहुतेक वेळा ब्रोमाडिओलोन असतं. त्याने रक्त गोठायचं थांबतं, उंदीर काही दिवसांनी मरतो आणि कुठे मरायचं ते तोच ठरवतो. आमच्याकडच्याने तुळईच्या मागची फट निवडली. त्या वासात जेवण जात नव्हतं. फोन केला तर म्हणाले, 'मॅडम, म्हणजे औषध लागू पडलंय.'

म्हणून यांना बोलावताना फोनवरच सांगितलं, केक फेकायचे असतील तर येऊ नका. आलेला मुलगा पंचविशीतला असेल. बॅग खाली ठेवली आणि आधी घराबाहेर गेला. वळचणीखालून टॉर्च मारत पूर्ण चक्कर मारली, मागच्या गल्लीतून, पन्हळीच्या बाजूने, इंटरनेटची केबल भिंतीत शिरते तिथपर्यंत. मग माळ्यावर चढला. पाठोपाठ मीही चढले, माझं सामान आहे शेवटी.

त्याने जे दाखवलं त्यासाठीच खरं तर मी हे लिहायला बसले. एका वाशाच्या कडेला लांबलचक काळपट पट्टा होता. मी इतकी वर्षं त्याला धुराचं काजळ समजत आले. त्याने हातमोज्याचं बोट फिरवलं तर चिकट, तेलकट. उंदीर रोज त्याच वाटेने अंग घासत जातो, त्याच्या केसांतला मळ आणि तेल लाकडाला बसतं. बोटाला लागतंय म्हणजे वाट चालू आहे. मग लेंड्या. सेंटिमीटरभर लांब, दोन्ही टोकं निमुळती, म्हणजे कौलांवरून फिरणारा काळा उंदीर. गटारातल्या मोठ्या उंदराची लेंडी जाडजूड आणि बोथट असते, घरातल्या छोट्या उंदराची तांदळाच्या दाण्याएवढी. काडीने दाबून पाहिलं: काही मऊ आणि चकचकीत, म्हणजे ताज्या, काही राखाडी, दाबताच भुगा.

'काकू, रात्री धपधप आवाज येतो की खुडखुड?' असं विचारलं. मला आधी प्रश्नच कळला नाही, मग त्याने समजावलं. ठाण्यात येऊरचं जंगल जवळ असल्यामुळे कौलारू घरांत उदमांजरंही मुक्काम ठोकतात. त्यांची चाल जड असते आणि विष्ठेत फळांच्या बिया दिसतात. तसं असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याने हात लावायचा नाही, ते वन्यजीव आहे, वनखात्याच्या १९२६ नंबरवर कळवायचं. आमच्याकडे खुडखुडच होती, दिवेलागणीनंतर सुरू होणारी.

घरटं सापडलं मखराच्या मागे. जुन्या गोधडीचा कापूस, सुतळी, मखराचा सोनेरी कागद आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचे चिंधीसारखे बारीक तुकडे, सगळं गोल रचलेलं, मधे खळगा. शेजारी कुरतडलेली खोबऱ्याची वाटी. पिल्लं नव्हती, पण त्याने सांगितलं की मादीला दिवस राहिल्यापासून तीन आठवड्यांत पिल्लं होतात आणि एका वेळी सहा-सात होणं साधी गोष्ट आहे. हे ऐकून यजमान, जे तोवर पेपर वाचत होते, उठून शिडी धरायला आले.

उपाय म्हणाल तर विष अजिबात नाही. चिकट पुठ्ठेही त्याने आणले नव्हते. जनावर त्यावर तासन् तास तडफडतं आणि मग ते तुमच्याच गळ्यात पडतं, असं म्हणाला. मला पटलं. लाकडी चापाचे सापळे त्या काळ्या पट्ट्याच्या वाटेवर, भिंतीला काटकोनात, आमिषाकडची बाजू भिंतीलगत ठेवून लावले. पहिले काही दिवस चाप न ओढता नुसतंच आमिष ठेवलं, कारण काळा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, पण एकदा सवय लागली की बिनधास्त येतो. आमिष म्हणून त्याने शेंगदाणे आणले होते. मी सुके बोंबील सुचवले, तर म्हणाला, खोबरं द्या, त्यांना तुमच्या घरच्या खोबऱ्याची चटक लागलीय. खोबऱ्यालाच लागले.

सापळे रिकामे राहायला लागले तेव्हा फटी बुजवल्या, आधी नाही. आधी बुजवल्या तर आतले आतच अडकतात आणि बाहेर पडायला वायरी कुरतडतात. केबलच्या भोकात लोखंडी जाळी कोंबून वरून सिमेंट, वळचणीला बारीक गॅल्वनाइज्ड जाळी. फोम आणि थर्मोकोल ते दातांनी सहज पोखरतात, पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्यामुळे त्यांना कुरतडायला काहीतरी लागतंच. शेजारच्या नारळाची झावळी आमच्या कौलांवर टेकते, तीही वाट आहे म्हणाला. खोडाला पत्रा गुंडाळायचं शेजाऱ्यांशी बोलणं चालू आहे. म्हणजे बोलणं सुरू आहे, पत्रा अजून नाही. कोकणात हे सगळे करतात, इथे त्यावर बैठक लागते.

सफाईबद्दलही नीट सांगितलं आणि ते पाळाच: सुकी लेंडी झाडूने झाडायची नाही, धूळ नाकात जाते. मास्क आणि हातमोजे घालून आधी ब्लीचचं पाणी शिंपडायचं, पाचेक मिनिटं भिजू द्यायचं, मग कागदाने उचलायचं. पावसाळ्यात लेप्टो होतो तो बहुतेक वेळा उंदराच्या मुतामुळे, ठाणेकरांना वेगळं सांगायला नको.

एक तारा का कापला? सकाळी दहाची वेळ दिली आणि स्वारी उगवली दुपारी दीडला, मी वरण दोनदा गरम केलं. सरकलेली कौलं बसवणं त्यांच्या कामात येत नाही हे आल्यावर कळलं, त्यासाठी गवंडी वेगळा बघावा लागला. फोनवरच्या मुलीला 'माळा' म्हणजे काय ते समजावण्यात माझा बराच वेळ गेला, पुढच्यांनी सरळ 'छताखाली' म्हणावं.

पैसे ४,२०० झाले, जाळी आणि सिमेंट धरून. केकवाल्यांच्या करारापेक्षा जास्त आहेत. पाहणीचे ३०० वेगळे घेतात, पण काम दिलं तर बिलातून वजा करतात, तेवढं आठवणीने बघा. हमी तीन महिन्यांची आहे. सामाईक भिंतीतून आले तर ती लागू नाही, आणि हे पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलंय.