एकाच पोत्यात तिन्ही खते: बटाट्याच्या पिकातली फसवणूक

शेणखत, जिवाणू खत आणि रासायनिक खत ही तिन्ही एकाच दाणेदार मिश्रणात असल्याचे सांगून एका विक्रेत्याने मला बटाट्याच्या लागवडीसाठी पोती विकली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे एका पोत्यात टनभर शेणखताचे सत्त्व होते, त्यामुळे निराळे पालाश (पोटॅश) किंवा बेणेप्रक्रिया, म्हणजे लावायच्या बटाट्याला आधी औषध वा जिवाणू चोळणे, यांची गरज नव्हती. सेंद्रिय, जैविक आणि रासायनिक खतांचा मेळ घालावा हा सल्ला रास्तच आहे आणि नेमक्या त्याच सल्ल्याचा आधार घेऊन हा माल खपवला जातो.

टनभर चांगल्या शेणखतातून साधारण 5 किलो नत्र (नायट्रोजन) मिळते, पण त्याचे खरे मोल सेंद्रिय पदार्थात असते आणि तो 50 किलोच्या पोत्यात आटवून भरता येत नाही. हवेतले नत्र पिकाला मिळवून देणारे अ‍ॅझोटोबॅक्टर किंवा स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू हे सजीव आहेत. क्षारयुक्त रासायनिक खतात कालवून महिनोन्‌महिने गोदामात ठेवल्यावर ते तग धरण्याची आशा नसते. म्हणूनच जिवाणू खत कुजलेल्या शेणखतात मिसळून सरीत द्यावे किंवा बेण्याला चोळावे आणि रासायनिक खतांपासून वेगळे ठेवावे, असे सांगितले जाते. बेण्याला बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावतात आणि बेणे सुकल्यावर जिवाणू.

या मालातली खरी चलाखी म्हणजे त्यात मिसळलेला थोडासा युरिया. उगवणीनंतर पाने हिरवीगार दिसली, त्यामुळे मातीची भर लावेपर्यंत शंका घेण्याचे कारणच पडले नाही. पुढे कंद पोसण्याच्या काळात खालच्या पानांच्या कडा करपू लागल्या, आणि काढणीला बटाटा बारीक निघाला. बटाटा नत्रापेक्षाही अधिक पालाश उचलतो, आणि तेच या पोत्यात नव्हते.

न उघडलेले एक पोते शिल्लक होते, त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतला. पालाश नाममात्र, जिवंत जिवाणू आढळले नाहीत, आणि बहुतेक भाग चिकणमातीचा. पोती उन्हात राहिल्याने जिवाणू मेले असतील, असा खुलासा विक्रेत्याने केला. मात्र पालाश उन्हाने नाहीसे होत नाही, यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते.

असा माल समोर आल्यास पोत्यावर नत्र, स्फुरद व पालाश यांची टक्केवारी, जिवाणूंचे नाव व संख्या, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख आणि बॅच क्रमांक पाहावा. केवळ ‘सर्व अन्नद्रव्ययुक्त’ असे छापलेले असेल तर तो घेऊ नये. मूठभर दाणे पाण्यात टाकल्यावर तळाशी चिखलाचा थर बसला, तर माती मिसळल्याचा संशय घ्यावा, अर्थात ही केवळ प्राथमिक खूण आहे. बॅच क्रमांक लिहिलेली पक्की पावती आणि शिवण न उसवलेले एक पोते काढणीपर्यंत जपून ठेवावे, कारण उघडलेल्या पोत्यात तुम्हीच भेसळ केली असे म्हणायला विक्रेता मोकळा असतो.