एप्रिल की मे, स्पेन की स्वित्झर्लंड: युरोपच्या वसंतातली निवड

परीक्षा संपल्या की युरोपला जायचं, हे अनेक घरांत वर्षभर आधी ठरलेलं असतं. मग चर्चा होते ती देशांची. स्वित्झर्लंड घ्यायचं की स्पेन, पॅरिसला किती दिवस द्यायचे, वगैरे. तारखा मात्र रजेवरून आणि तिकिटाच्या दरावरून ठरतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की तारीख ही शेवटी भरायची रिकामी जागा नाही. एप्रिलच्या एकाच दिवशी सेव्हिलमध्ये लोक अर्ध्या बाह्यांत फिरत असतात, ॲमस्टरडॅममध्ये गळ्यात मफलर असतो आणि आल्प्समधले उंच घाटरस्ते बर्फाखाली असतात. तेव्हा आधी आठवडा पक्का करा आणि त्या आठवड्याला जो प्रदेश साजेल तो निवडा.

दक्षिणेला ऊब आणि उत्तरेला गारठा, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. पूर्व-पश्चिम फरक सहसा कुणी बघत नाही. लंडन आणि वॉर्सा जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे लंडनचा हिवाळा सौम्य असतो आणि मार्चमध्ये ते वॉर्सापेक्षा चार-पाच अंशांनी उबदार असतं. पण समुद्र तापतोही सावकाश. जमीन झपाट्याने तापते. त्यामुळे मे येईतो वॉर्सातली दुपार लंडनपेक्षा उबदार झालेली असते. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर वसंत लवकर येतो पण रेंगाळतो, आणि आत खंडात उशिरा येऊन भराभर फुलतो. निवड करताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी बरेच गोंधळ टळतात.

दक्षिण स्पेन आणि स्वित्झर्लंड

खरी ओढाताण बहुतेक घरांत याच दोघांमध्ये असते, म्हणून इथे जरा थांबतो.

दक्षिण स्पेन, म्हणजे सेव्हिल, कोर्दोबा, ग्रानादा हा पट्टा, एप्रिलसाठी उत्तम. सेव्हिलमध्ये दुपारी साधारण २४ अंश, पहाटे ११-१२. मार्चअखेरीपासून रस्त्याकडेच्या संत्र्यांना फुलं येतात आणि जुन्या गल्ल्यांमध्ये तो वास भरून राहतो. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे लावलेलं आहे, त्यामुळे मेच्या सुरुवातीला तिथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. फिरायला एवढी लांब संध्याकाळ मिळणं ही मोठी चैन आहे.

पण एप्रिलमध्ये पाऊस अजिबात नसतो असं धरून चालू नका. अटलांटिकवरून येणारी वादळं वसंतात इथवर पोचतात. २०२४च्या ईस्टरच्या आठवड्यात सेव्हिलमधल्या कितीतरी मिरवणुका पावसामुळे रद्द झाल्या होत्या. उलट टोकही आहे. २७ एप्रिल २०२३ला कोर्दोबाच्या विमानतळावर ३८.८ अंश नोंदले गेले. आपल्याकडे पारा चाळिशीला असताना तिथे जाऊन तेच भोगायचं असेल तर जाण्यात काय अर्थ? मेचा उत्तरार्ध आणि जून या भागासाठी मी तरी सुचवणार नाही. आणखी एक, ज्यांना परागकणांचा त्रास होतो त्यांच्यासाठी: मेमध्ये इथली ऑलिव्हची झाडं फुलतात आणि हवेत परागांचं प्रमाण खूप वाढतं. घरात दमा असेल तर एप्रिलचा पूर्वार्धच बरा. ग्रानादा उंचावर आहे, मागे सिएरा नेवादाच्या शिखरांवर एप्रिलमध्येही बर्फ असतो, त्यामुळे तिथल्या रात्रींसाठी स्वेटर लागतोच.

स्वित्झर्लंडचं गणित उंचीवर चालतं. ब्रोशरमध्ये हिरवं कुरण आणि मागे पांढरा डोंगर असं एकच चित्र असतं. प्रत्यक्षात एप्रिलमध्ये इंटरलाकेनच्या दरीत दुपारी १४-१५ अंश असतात, वर बर्फ वितळत असतो आणि मधला पट्टा चिखलाचा, करडा असतो. याच काळात, हिवाळी हंगाम संपून उन्हाळी सुरू होईपर्यंत, अनेक रोपवे देखभालीसाठी बंद असतात. फुर्का, ग्रिम्झेल, सुस्टेन हे घाट साधारण मेअखेर ते जूनमध्ये उघडतात. युंगफ्राऊयोखची रेल्वे मात्र वर्षभर चालते. ३,४५४ मीटरवरच्या त्या स्थानकात मेमध्येही सरासरी तापमान शून्याखालीच असतं, तेव्हा बर्फ बघायचा एवढीच इच्छा असेल तर कुठलाही महिना चालेल.

पण हिरवं आणि पांढरं दोन्ही एकत्र हवं असेल तर मेचा शेवटचा आठवडा धरा. वितळलेलं पाणी दऱ्यांत उतरतं तेव्हा लाउटरब्रुनेनचे धबधबे भरात असतात. त्यातल्या जवळपास ३०० मीटर उंचीच्या श्टाउबबाखसमोर तेव्हा उभं राहावं. अडचण ढगांची. हॉटेलातून निघण्याआधी शिखरावरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघा आणि मगच महागडं तिकीट काढा. वर धुकं असेल तर दिवस बदला. टूरबरोबर गेलात तर ही मोकळीक मिळत नाही. म्हणूनच स्वित्झर्लंडला शक्यतो आपलं आपण जावं असं मला मनापासून वाटतं.

थोडक्यात, एप्रिल हाती असेल तर स्पेन, मेअखेर हाती असेल तर स्वित्झर्लंड. दोन्ही एकाच दौऱ्यात कोंबू नका. कपड्यांची बॅगच दुप्पट होईल.

लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम

या तिघांचा एप्रिल लहरी. जमीन तापू लागलेली असते आणि वरच्या थरात उत्तरेकडची गार हवा अजून वाहत असते. त्यामुळे एका तासात ऊन, सर, गारा आणि पुन्हा ऊन असं होऊ शकतं. पॅरिसमध्ये दुपारी १६ अंश, ॲमस्टरडॅममध्ये १४, पण तिथला बोचरा वारा थर्मामीटरवर दिसत नाही. छत्री उलटी होते. टोपीवाला विंडचीटर घ्या.

ट्युलिपसाठी मात्र एप्रिलला पर्याय नाही. नेदरलँड्समधली कुकेनहॉफची ट्युलिपबाग साधारण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते आणि बाहेरची शेतं एप्रिलच्या उत्तरार्धात रंगतात. मेच्या मध्यानंतर जाऊन ट्युलिप शोधणाऱ्यांची फार निराशा होते, कारण तोवर शेतकऱ्यांनी फुलं खुडून टाकलेली असतात. त्यांना विकायचे असतात ते कंद. ट्युलिप यादीत नसतील तर या तिन्ही शहरांसाठी मे निर्विवाद चांगला.

व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्ट

माझी स्वतःची पसंती मेच्या उत्तरार्धात या पट्ट्याला आहे. दुपारी २०-२२ अंश, झाडं पूर्ण पालवलेली आणि संध्याकाळी नदीकाठी बसता येईल अशी हवा. मे-जून हा इथला पावसाचा काळ, हे वाचून लोक बिचकतात. पण हा पाऊस बराचसा आपल्या वळिवासारखा असतो. सकाळ स्वच्छ, दुपारी ढग दाटतात, तास-दीड तास गडगडाट आणि मग पुन्हा उघडीप. राजवाडे आणि संग्रहालयं दुपारी ठेवलीत तर त्याचा त्रास जाणवणारही नाही.

मेच्या पूर्वार्धात मात्र सावध. ११ ते १५ मे या दिवसांना जर्मनी, ऑस्ट्रियात ‘हिमसंत’ म्हणतात. ते होईपर्यंत नाजूक रोपं बाहेर लावू नयेत असा जुना रिवाज आहे, कारण तोवर रात्री दहिवर पडून रोपं करपू शकतात. शेतकऱ्यासाठी हा विषय जीवनमरणाचा आहे. एप्रिल २०२१मध्ये फ्रान्समध्ये आधी उबदार दिवसांनी द्राक्षवेलींना अंकुर फुटले आणि मग कडक थंडीने ते जाळून टाकले. रात्रभर बागांत मेणाचे दिवे पेटवून लोक वेली वाचवत होते. आपल्या बागायतदारांना हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको.

ग्रीस आणि नॉर्वे

ग्रीसबद्दल फार लिहायची गरज नाही. अथेन्समध्ये एप्रिलमध्ये २०-२१, मेमध्ये २५-२६ अंश, पाऊस कमीच. क्वचित आफ्रिकेतून धूळ येते; एप्रिल २०२४मध्ये अथेन्सचं आकाश नारिंगी झालं होतं. समुद्रात डुंबायचं असेल तर मेअखेर, कारण एप्रिलमधलं पाणी गोव्याची सवय असलेल्याला सोसवणार नाही.

नॉर्वेचं बर्गेन पावसासाठी प्रसिद्ध, पण तिथले सगळ्यांत कोरडे महिने एप्रिल ते जून हेच. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात हार्डांगर फ्योर्डच्या (डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या) काठच्या सफरचंदाच्या बागा फुललेल्या असतात आणि वर डोंगरांवर बर्फ असतो. दुपारी १४-१५ अंश, म्हणजे थर्मल कपडे लागतातच. १७ मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय दिन. मिरवणुका बघण्यासारख्या असतात, पण दुकानं बंद असतात. त्या दिवशीचं खाण्यापिण्याचं सामान आदल्या दिवशीच आणून ठेवा.