पीएचपीचे ‘??’ चिन्ह: पट्टीच्या हिशेबात वापरून पाहिल्यावर

रावेर भागातील एका केळी व्यापाऱ्याचा हिशेब मी पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामवर सांभाळतो, आणि रिकाम्या खान्याला पर्यायी किंमत देणाऱ्या ‘??’ या तिच्यातील चिन्हाची खरी परीक्षा माझ्याकडे शेतकऱ्याच्या पट्टीवरच, म्हणजे खर्च कापून त्याला द्यायच्या मालाच्या हिशेबाच्या कागदावरच झाली. शेतकऱ्याने माल स्वतःच्या ट्रॅक्टरने आणला, तर गाडीभाड्याच्या खान्यात शून्य येते. मुनीम भाडे लिहायला विसरला, तर खाना नल, म्हणजे काहीच किंमत नसलेला, राहतो आणि तेव्हा नेहमीचे ६०० रुपये धरायचे असतात. पूर्वी मी पर्यायी किंमत देण्यासाठी ‘?:’ हे जुने चिन्ह वापरत असे. त्याच्या लेखी शून्य आणि नल दोन्ही सारखेच, त्यामुळे स्वतःच्या ट्रॅक्टरवाल्याच्या पट्टीतूनही ६०० रुपये कापले गेले आणि तो ती पट्टी हातात घेऊन दुकानात परत आला.

डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीतील ‘??’ फक्त नल किंवा मुळात नसलेल्या खान्यालाच पर्यायी किंमत देते आणि शून्याला हात लावत नाही. तोवर हेच काम नीट करायचे, तर खान्यात किंमत आहे का हे तपासणारे ‘इजसेट’ लिहून तेच नाव दोनदा टंकावे लागे. ८.० मधील ‘?->’ हे चिन्हही (वस्तू नल असेल तर तिच्या आतले काही मागताना चूक न दाखवता नलच देणारे) त्याच जातीचे आहे, पण माझ्या कामात त्याची गरज क्वचितच पडली.

तक्रारी दोन आहेत. बेरजेचे चिन्ह ‘??’ च्या आधी सोडवले जाते, म्हणून ‘हमाली + भाडे ?? ६००’ असे कंसाशिवाय लिहिल्यास नल भाडे बेरजेत शून्य धरले जाते आणि ६०० कधीच लागू होत नाहीत. दुसरी तक्रार मला अधिक खुपते. एकदा मी खान्याचे नाव ‘भाडे’ ऐवजी ‘भाडें’ असे लिहिले. एका अनुस्वारामुळे तो खाना कुठल्याच नोंदीत सापडेना आणि ‘??’ ने प्रत्येक पट्टीत मुकाट्याने ६०० भरले. हे चिन्ह नसते, तर पीएचपीने त्याच दिवशी इशारा दिला असता. हे लक्षात आल्यापासून, पट्टीची नोंद आत घेताना खान्यांची नावे मी एकदा तपासून घेतो आणि त्यानंतरच ‘??’ ला पुढे येऊ देतो.