फुकटच्या टूल्सचं "लायसन्स" घेतलं आणि मुलांची यादी देऊन बसले

ज्या पोस्टरमुळे मी फसले, तसंच पोस्टर काल संध्याकाळी शिक्षकांच्या एका ग्रुपवर परत आलं. निळी पट्टी, कोपऱ्यात तिरंगा, "शालेय ग्रंथपाल व शिक्षकांसाठी मोफत वेबिनार, प्रमाणपत्रासह". फक्त संस्थेचं नाव बदललंय. ही फसवणूक आहे असं मी लगेच खाली लिहिलं पण तोवर चार जणींनी नाव नोंदवलं होतं, म्हणून आज सगळं सविस्तर लिहितेय, लांबलं तरी कृपया पूर्ण वाचा.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत ग्रंथपाल आहे. आमची पोरं पुस्तक घरी नेतात, परत आणून देतात, पण त्यावर बोलत काहीच नाहीत, तर मला असं काहीतरी हवं होतं की पाचवीतलं पोरगं आणि नववीतलं पोरगं एकाच ठिकाणी पुस्तकाबद्दल लिहितील, एकमेकांना उत्तर देतील, मराठीच्या मॅडमना पण ते बघता येईल. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, त्या दिवशी ते सगळं हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर लावायचं असं डोक्यात होतं. मी यूट्यूब बघून गुगल क्लासरूम, पॅडलेट, कॅन्व्हा अशी ऑनलाइन टूल्स एकेक करून चाचपत होते, आणि नेमकं तेव्हाच, जुलै २०२४ मध्ये, हे वेबिनार आलं.

वेबिनार खोटं नव्हतं हे आधी सांगते, कारण विश्वास तिथंच बसतो. दीड तास वेबिनार घेणाऱ्या माणसाने खरंच छान शिकवलं. जॅमबोर्डवर, म्हणजे गुगलच्या ऑनलाइन फळ्यावर, रंगीत चिठ्ठ्या कशा चिकटवायच्या, एकाच बोर्डवर वीस जणींनी एकदम लिहून बघितलं, मला तर तिथंच माझी पोरं दिसायला लागली. शेवटच्या दहा मिनिटांत मात्र सूर बदलला. म्हणाला हे सगळं घरी वापरायला फुकट आहे, शाळेत वापरायचं तर एज्युकेशन लायसन्स लागतं, नाहीतर शाळेवर केस होऊ शकते. केस म्हटल्यावर कोणता मुख्याध्यापक ऐकून घेईल? तीन वर्षांचं पॅकेज १०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००.

आता खरं काय ते ऐका. गुगल क्लासरूम ज्यात येतं ती गुगलची शाळांसाठीची मूळ आवृत्ती मान्यताप्राप्त शाळेला फुकट मिळते, शाळेचं स्वतःचं डोमेन (इंटरनेटवरचा शाळेच्या नावाचा पत्ता) लागतं आणि गुगल पडताळणी करतं एवढंच. कॅन्व्हाची शिक्षणासाठीची आवृत्ती शाळेतल्या शिक्षकांना फुकट आहे. पॅडलेटवर मोजके बोर्ड फुकट मिळतात. आणि जॅमबोर्ड तर सगळ्यांनाच फुकट होतं, वर ते बंद होणार हे गुगलने आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये सांगून टाकलं होतं. म्हणजे जी वस्तू पाच महिन्यांत बंद पडणार होती ती आम्हाला तीन वर्षांसाठी विकली.

पैसे भरताना क्यूआर स्कॅन केला तर वर एका बाईचं नाव आलं. मी विचारलं, तर "मॅडम ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे". तिथंच थांबायला हवं होतं. माजी विद्यार्थ्यांनी लायब्ररीला दिलेले ६,००० आणि बाकीचे माझे स्वतःचे, असे मी भरले. बिल पण आलं, शिक्क्यासकट. पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबर मात्र ०७ ने सुरू होणारा. ०७ हा दिल्लीचा कोड, महाराष्ट्राचा २७, हे मला फार नंतर कळलं. जीएसटीच्या साईटवर तो नंबर टाकला तर भलत्याच कुणाच्या दुकानाचा निघाला. साईटवर शोधायला दोन मिनिटं लागतात आणि लॉगिन पण लागत नाही.

पण पैशाचं जाऊ दे. मला झोप लागत नाही ती यादीमुळे. "मुलांचे आयडी बनवायचेत, एक्सेल पाठवा" म्हणाला आणि मी ३१२ मुलांची यादी पाठवली. नाव, वर्ग, जन्मतारीख, पालकांचा मोबाईल. आयडी बनवायला पालकांचा मोबाईल कशाला लागतो हे मी विचारलं नाही.

ऑगस्ट सप्टेंबर मात्र फार चांगले गेले. पोरांनी १४० च्या वर चिठ्ठ्या लिहिल्या. पाचवीतली एक मुलगी आधी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलने लिहायची, खोडायची, मग माझ्या शेजारी बसून एका बोटाने टाईप करायची. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती आली, बोर्ड उघडला, आणि चिठ्ठी लागेचना. दिसतंय सगळं पण लिहिता येत नाही. मी त्या माणसाला फोन केला तर म्हणे सर्व्हर अपडेट आहे, ३,५०० रिन्यूअल भरा की चालू होईल. रात्री माझ्या भाच्याने शोधून दाखवलं, १ ऑक्टोबरपासून जगभर सगळ्यांचंच जॅमबोर्ड फक्त बघण्यापुरतं राहिलंय आणि ३१ डिसेंबरला तेही जाणार. दुसऱ्या दिवशी मी त्याला हे सांगून पैसे परत मागितले. दुपारपर्यंत शाळेतले सगळे आयडी बंद. कारण आयडी आमच्या शाळेच्या डोमेनवर नव्हतेच, त्याच्या डोमेनवर होते, अ‍ॅडमिन तो, त्याने एक बटण दाबलं आणि पोरांचं लिहिलेलं सगळं गेलं. त्या मुलीचे पाठकोरे कागद तेवढे राहिले. वाचन प्रेरणा दिनाला तेच भिंतीवर लावले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पालकांना फोन यायला लागले. "तुमच्या मुलाची स्कॉलरशिप मंजूर झालीय, आलेला ओटीपी सांगा." मुलाचं नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर. पहिल्यांदा मला वाटलं योगायोग असेल. मग एक आई शाळेत येऊन म्हणाली की मॅडम, तो माणूस माझ्या पोराचा वर्ग सातवी क सांगत होता. आमच्याकडे क तुकडीच नाही. मी घरी जाऊन ते एक्सेल उघडलं. त्या मुलापुढे मीच घाईत ब च्या जागी क टाईप केलं होतं. जगात दुसऱ्या कुठल्याही कागदावर तो मुलगा सातवी क मध्ये नाही.

टेम्पो चालवणाऱ्या एका पालकांचे ७,२०० गेले. त्यांनी त्याच संध्याकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला म्हणून त्यातले थोडे बँकेत अडकवून ठेवता आले. मी माझी तक्रार सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर टाकली, पण चार महिने उलटून गेले होते, खातं केव्हाच रिकामं झालं होतं.

म्हणून सांगते, पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला लावा, एक तास पण थांबू नका. आणि तुम्ही यादी दिली असेल तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा, पालकांच्या ग्रुपवर टाका की असे फोन येऊ शकतात. मला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं की माणूस खोटा आहे आणि आपली यादी त्याच्याकडे आहे. लाज वाटली, सर काय म्हणतील वाटलं, म्हणून मी फक्त पैशांचं सांगितलं, यादीचं नाही. त्या टेम्पोवाल्या पालकांना फोन आला तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात.