केळीबागेतील सेन्सरचे जाळे आधी संगणकावर: कूजा, ओमनेट++ की एनएस-३?

रावेर, यावल किंवा चोपडा भागातील केळीबागेत जमिनीचा वाफसा मोजून ठिबकचे व्हॉल्व्ह उघडणारे बिनतारी सेन्सरचे जाळे उभारायचे ठरले, की खरेदीच्या आधी ते संगणकावर चालवून पाहणे शहाणपणाचे ठरते. त्यासाठी विनामूल्य मिळणारी तीन साधने आज विचारात घेण्यासारखी आहेत: कूजा, ओमनेट++ आणि एनएस-३. टायनीओएस या सेन्सर-नोडच्या कार्यप्रणालीसोबत येणाऱ्या टॉसिम या सिम्युलेटरचे नाव जुन्या प्रकल्प-अहवालांत अजून भेटते. परंतु टायनीओएसची २.१.२ ही आवृत्ती २०१२ मधली असून त्यानंतर तिचा विकास जवळजवळ थांबला, त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्यात वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कूजा मूळ स्वीडनमध्ये काँटिकी या कार्यप्रणालीसाठी तयार झाले आणि आता काँटिकी-एनजीसोबत मिळते. त्याचे खरे बळ असे, की उद्या जो कोड मोटवर (शेतात बसणाऱ्या छोट्या सेन्सर-नोडवर) चढवायचा, तोच आज सिम्युलेशनमध्ये चालतो. ‘स्काय’ हा मोट निवडला, तर एमएसपी४३० प्रोसेसरचे अनुकरण सूचनेगणिक होते आणि ४८ केबी फ्लॅश व १० केबी रॅम ही प्रत्यक्ष मर्यादाही तशीच लागू होते. आयपीव्ही६ (इंटरनेट प्रोटोकॉल), आरपीएल (संदेशांचा मार्ग ठरवणारा प्रोटोकॉल) आणि आपला स्वतःचा कोड एवढ्या जागेत मावला नाही, तर कंपायल करतानाच काम अडते. अशा वेळी अनेक जण ‘कूजा मोट’ या प्रकाराकडे वळतात. त्यात कोड थेट संगणकाच्या प्रोसेसरवर चालत असल्याने अडचण दिसेनाशी होते, पण मेमरीची मर्यादा आणि प्रोसेसरला लागणारा वेळ या दोन्ही गोष्टी हिशेबातून निघून जातात. मार्ग ठरवण्याचे तर्कशास्त्र तपासायचे असेल, तर कूजा मोट पुरेसा आहे. बॅटरीबद्दल काही दावा करायचा असेल, तर मात्र अनुकरण होणारा मोटच घ्यावा.

बॅटरीचा मुद्दा शेतात सर्वांत महत्त्वाचा असतो. स्काय मोटवरील सीसी२४२० रेडिओ ऐकण्याच्या स्थितीत सुमारे १८.८ मिलिअँपिअर वीज घेतो. २५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या सेलवर रेडिओ सतत चालू राहिला, तर १३३ तासांत, म्हणजे साधारण साडेपाच दिवसांत, सेल संपतील. जुन्या मार्गदर्शिकांत रेडिओ अधूनमधून झोपवण्यासाठी काँटिकीमॅक सुचवलेले दिसते. ते काँटिकी-एनजीमध्ये उरलेले नाही. तिथे सीएसएमए (वाहिनी मोकळी आहे का ते ऐकून पाठवण्याची पद्धत) वापरल्यास रेडिओ चालूच राहतो आणि वीज वाचवायची असेल तर टीएससीएचकडे (ठरलेल्या वेळीच रेडिओ जागवण्याच्या पद्धतीकडे) जावे लागते. जुन्या आवृत्तीवरचे आकडे नव्या आवृत्तीच्या आकड्यांशेजारी ठेवणाऱ्याने हा फरक आधी ध्यानात घ्यावा.

कूजाची उणी बाजू म्हणजे त्याचे रेडिओचे साधे गणित. नेहमी वापरले जाणारे यूडीजीएम प्रत्येक मोटभोवती वर्तुळ काढते. पोहोच मुळात ५० मीटर धरलेली असते आणि त्याबाहेर पॅकेट जातच नाही. केळीबागेत हे चालत नाही. पाण्याने भरलेली खोडे आणि रुंद पाने २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी बऱ्याच प्रमाणात शोषून घेतात, त्यामुळे लागवडीनंतर लगेच जुळणारे दोन नोड बाग निसवण्याच्या (घड बाहेर पडण्याच्या) सुमारास एकमेकांना ऐकू येतीलच असे नाही. कूजातच डीजीआरएम निवडून प्रत्येक जोडीसाठी पॅकेट पोहोचण्याचे प्रमाण स्वतः भरता येते. त्यासाठी दोन नोड घेऊन ओळीतून आणि ओळी ओलांडून, बागेच्या दोन निरनिराळ्या अवस्थांत मोजमाप करावे.

एनएस-३ या बाबतीत अधिक मोकळीक देते. त्याची पहिली आवृत्ती २००८ मध्ये आली, परवाना जीपीएल आवृत्ती २ चा आहे, आणि अंतरानुसार क्षीण होणाऱ्या संकेताचा घातांक आपण मोजलेल्या आकड्यांवरून बसवता येतो. ८०२.१५.४ (कमी विजेवर चालणाऱ्या रेडिओचे मानक) आणि सिक्सलोपॅन (त्यावरून आयपीव्ही६ चालवण्याची पद्धत) त्यात आहेत. पण नवी मॉडेल सी++ मध्ये लिहावी लागतात, आणि तिथे लिहिलेला कोड मोटवर चढत नाही. लोरा (कमी विजेत लांबवर पोहोचणारे रेडिओ तंत्र) वापरायचे असेल, तर स्वतंत्रपणे मिळणारे लोरावॅन मॉड्यूल जोडता येते, आणि शेताच्या दृष्टीने तो पर्याय गंभीरपणे पाहावा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो आणि या कमी वारंवारितेच्या लहरी झाडीतून तुलनेने चांगल्या जातात. काही एकरांवर विखुरलेले नोड आणि दिवसातून मोजकेच संदेश, अशी गरज असेल तर मी एनएस-३ घेईन.

ओमनेट++ चा मोठा गुण म्हणजे प्रयोगांची मांडणी. जाळ्याची रचना एनईडी भाषेत एकदा लिहिली, की नोडची संख्या, संदेशांमधील अंतर आणि पुनरावृत्ती हे सारे एका आयएनआय फाइलमधून बदलता येते, आणि इनेट ही लायब्ररी जोडली की प्रोटोकॉलही तयार मिळतात. शोधनिबंधासाठी आलेखांमागून आलेख काढायचे असतील, तर याच्याइतकी सोय इतरत्र नाही. दोन गोष्टी मात्र तपासाव्यात. ओमनेट++ चा परवाना शैक्षणिक आणि अव्यावसायिक वापरापुरता विनामूल्य आहे. प्रकल्पातून पुढे ठिबक नियंत्रणाचा व्यवसाय काढायचा विचार असेल, तर ही अट आड येते. तसेच सेन्सर जाळ्यांसाठी खास बनवलेले कॅस्टालिया हे ओमनेट++ च्या जुन्या आवृत्त्यांवर बेतलेले आहे, म्हणून नवी आवृत्ती आधी बसवून मग कॅस्टालिया जोडू पाहणाऱ्याच्या वाट्याला चुकांची लांबलचक यादी येते.

महाविद्यालयाच्या लॅबमधील संगणक विंडोजवर चालत असतील, तर कूजासाठी काँटिकी-एनजीची तयार डॉकर प्रतिमा घ्यावी. कंपायलरसह सर्व काही तिच्यात असते. एनएस-३ साठी डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याच्या सोयीत) लिनक्स बसवणे सोपे पडते, तर ओमनेट++ थेट विंडोजवर चालते. कोणतेही साधन घेतले, तरी एकाच यादृच्छिक बीजावर (यादृच्छिक संख्यांच्या सुरुवातीच्या आकड्यावर) निघालेला निकाल अहवालात लिहू नये. बीज बदलून अनेकदा चालवावे आणि सरासरीबरोबर निकालांमधील तफावतही द्यावी.