भिंतीवर जॅझवाले उतरवायचेत : प्रोजेक्टर घ्यावा की चौकटी आखाव्यात?

सोलापुरात होटगी रोडला एका मित्राच्या कॅफेची बाहेरची भिंत मी गेल्या उन्हाळ्यात रंगवली. 24 फूट लांब, 12 फूट उंच, आणि तिच्यावर पाच जण : अमेरिकेतले जॅझवाले लुई आर्मस्ट्राँग, गायिका बिली हॉलिडे, चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी आणि आपल्याकडचा कुणीतरी हवाच म्हणून चिक चॉकलेट. हा मूळचा गोव्याचा अँटोनियो झेवियर वाझ. मुंबईत ट्रंपेट वाजवायचा, संगीतकार सी. रामचंद्रांचा सहायकही होता. हे कळल्यावर मित्राने त्याला थेट दारालगतची जागा देऊन टाकली.

तेव्हापासून दोघातिघांनी एकच विचारलंय, कागदावरचं चित्र भिंतीवर न्यायचं कसं? प्रोजेक्टरने की चौकटी आखून? मी दोन्ही करून बसलोय, म्हणून लिहितो.

सुरुवात मीही प्रोजेक्टरनेच केली आणि पहिल्या रात्री त्याच्या प्रेमात पडलो. दीड तासात बिलीचा चेहरा भिंतीवर होता, केसांत माळलेल्या अनंताच्या फुलासकट. पार्करच्या सॅक्सोफोनच्या चाव्या आणि त्यांच्या बारीक दांड्या तर मोजून काढायला बसलं की माणूस वेडा होईल. इथे नुसतं गिरवायचं. काम अंधार पडल्यावरच होतं, पण सोलापूरच्या एप्रिलमध्ये ही काही तक्रार नव्हे. दुपारी त्या भिंतीला तळहात टेकवून दाखवा. परांचीवर आपलीच सावली नेमकी हव्या त्या जागेवर पडते. बाजूला सरकून हात लांब करायची सवय होते.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

तिसऱ्या रात्री डिझीचा ट्रंपेट अर्धा झाला आणि लाइट गेली. वीस मिनिटांनी आली. तेवढ्यात कुणीतरी मोटारसायकल काढायला म्हणून प्रोजेक्टरखालचं स्टूल जरासं सरकवलं होतं. चित्र परत आलं, पण होतं तिथं नाही. चष्म्याशी जुळवलं तर कोपर चार बोटं खाली, कोपराशी जुळवलं तर टोपी डोक्याबाहेर. स्टुलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली की चित्र नुसतं वर जात नाही, त्याचा आकारही वरच्या बाजूला फाकतो. तासभर हेच चाललं होतं. शेवटी कंटाळून ट्रंपेटचा पुढचा भाग तसाच गिरवला.

दुसऱ्या कुठल्याही वाद्यावर हे खपून गेलं असतं. डिझीचा ट्रंपेट मात्र मुळातच वाकडा. 1953 साली न्यूयॉर्कच्या एका पार्टीत कुणीतरी त्यावर पडलं आणि पुढचा कर्णा वर वळला. वाजवून पाहिलं तर त्याला तो आवाज आवडला, मग पुढे तसेच बनवून घेतले, साधारण 45 अंशांत वर गेलेले. सकाळी लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारे एक काका चहाला थांबले, बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मालक, ह्यो वाकडाच काढलाय, का तुमच्याकडनं वाकडा झालाय?"

मला उत्तर देता येईना. दोन्ही खरं होतं.

त्याच दिवशी पार्कर आणि बिली ठेवून बाकीच्या भिंतीवर प्रायमर मारला आणि चौकटींवर आलो. माझे मामा चादरीच्या कारखान्यात जकार्डचे, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीचे, नकाशे भरायचे. लहानपणी आलेख कागदावर लाल पेन्सिलीने एकेक घर भरताना त्यांना तासन्‌तास पाहिलंय. तेव्हा हसायचो. आता 24 इंच बाय 12 इंच कागद, इंचाला एक फूट, एकूण 288 घरं. ओळंब्याने उभ्या रेघा, पाण्याच्या नळीने आडव्या, आणि दोरीला नीळ लावून टणकन मारायची. नीळ बेताने घ्या. जास्त झाली तर वरच्या पिवळ्या रंगातून हिरवट डोकावते. आर्मस्ट्राँगच्या ट्रंपेटला मला ते दोनदा झाकावं लागलं.

खरी मजा डिझीपाशी आली. ट्रंपेटची नळी आडव्या रेघेवर ठेवली की कर्णा आपोआप चौकटीच्या कर्णावर बसतो. कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ, झाले 45 अंश. लाइट असो-नसो, स्टूल कुणी हलवो.

चौकटी गरीब गाय आहेत असं मात्र समजू नका. नुसत्या रेघांना माझ्या दोन सकाळी गेल्या, आणि दोरीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो तो वेगळाच. घरं मोजण्यातही चूक होते. उभ्या ओळींना आकडे घातलेले असूनही 16 ऐवजी 17 मध्ये शिरलो आणि आर्मस्ट्राँगचा रुमाल धरलेला हात फूटभर लांबला. खाली उतरून रस्त्यापलीकडून पाहिलं तेव्हा लक्षात आलं. पण ती चूक सापडली, आणि तेवढी चार घरं पुसून भागलं. प्रोजेक्टरची चूक चित्रभर थोडी थोडी पसरलेली असते, धरायची कुठं?

शिवाय एक सोय आहे. उंच भिंत खालून पाहताना वरची डोकी बसकी दिसतात. मी वरच्या दोन ओळी 13 इंचांच्या केल्या आणि तळाची 10 इंचांची, बुटांपाशी कोण बघतंय! प्रोजेक्टरवर हे करायचं तर आधी कॉम्प्युटरवर चित्र ताणत बसा.

तेव्हा हॉलमधली भिंत असेल, दार लावून घेता येत असेल आणि एका बैठकीत खाका संपणार असेल, तर खुशाल प्रोजेक्टर घ्या, मीही घेईन. बारीक अक्षरं असतील तरीही तोच बरा. रस्त्यालगतची भिंत, चार-पाच रात्रींचं काम आणि लाइटचा भरवसा नाही, अशा वेळी मी आपला दोरी आणि निळीच्या पुडीकडे वळेन. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, विशेषतः स्टुलावर पहारा द्यायला कुणी असेल तर.

बँडवाले काका परवा पुन्हा आले होते. वाकड्या ट्रंपेटबद्दल या वेळी अवाक्षर नाही. डिझीच्या बेडकासारख्या फुगलेल्या गालांकडे बोट दाखवून म्हणाले, "असं गाल फुगवलं की आमचा उस्ताद कानाखाली द्यायचा बघा."