वापरलेला डीएसएलआर की मिररलेस, लॅपटॉप की डेस्कटॉप: फिल्म शिकणाऱ्यांसाठी

लाख-सव्वा लाखात कॅमेरा, आवाज आणि एडिटिंगचं मशीन असं सगळं बसवायचं म्हटलं, की संभाजीनगर असो, लातूर असो वा नांदेड, गाडी फिरून फिरून दोन कॅमेऱ्यांवर येते. एक कॅनन २००डी मार्क टू किंवा त्याच वर्गातला कुठलाही सेकंडहँड डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा. दुसरा सोनी झेडव्ही-ई१०, म्हणजे आरसा नसलेला, मिररलेस, तोही शक्यतो वापरलेलाच. खिशातला फोन तिसरा. मी सोनी घेतला. कॅननवाले चुकतात असं मात्र माझं म्हणणं नाही, त्यांचे बरेच मुद्दे मला पटतात.

फोनचं आधी उरकून घेतो. पहिली दोन-तीन मिनिटांची फिल्म फोनवरच करा, खुशाल करा. फक्त एवढं बघा की फोन मुळात सेकंदाला ३० फ्रेमवर शूट करतो आणि आपली वीज ५० हर्ट्झची आहे. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली किंवा स्वस्त एलईडीखाली चित्रात जे काळे पट्टे सरकतात ते यामुळे. २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवलं की बहुतेक वेळा जातात. आयफोनमध्ये २५ फ्रेमसाठी सेटिंगमधून पाल फॉरमॅट चालू करावा लागतो. ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं फुकट ॲपही आहे, पण ते सगळ्या अँड्रॉइड फोनवर चालत नाही. दुसरी भानगड लांब मुलाखतीत कळते. बऱ्याच फोनचा फ्रेम रेट स्थिर नसतो, मधे मधे किंचित हलतो. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर सुरुवातीला ओठ जुळलेले असतात आणि शेवटाकडे हळूहळू निसटलेले.

आता कॅनन. उन्हात रापलेले चेहरे हा कॅमेरा फार छान दाखवतो, रंगांशी झटापट करावी लागत नाही. ५० एमएम एफ १.८ लेन्स स्वस्त आहे आणि अडीनडीला गावातल्या कुठल्याही लग्नाच्या फोटोग्राफरकडे मिळते. फोरकेमध्ये, म्हणजे जास्त बारकाव्याच्या व्हिडिओत, मात्र फ्रेम बरीच कापली जाते आणि त्याचा तो नावाजलेला ड्युअल पिक्सेल ऑटोफोकसही तिथे चालत नाही. पण कॉलेजच्या फिल्मला १०८०, म्हणजे फुल एचडी, पुरतं, त्यामुळे ही उणीव मी फार धरत नाही. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, आहे म्हणून डीएसएलआर घ्या असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. व्हिडिओ सुरू झाला की आरसा वर जातो आणि त्या खिडकीत अंधार.

सोनीला व्ह्यूफाइंडर मुळातच नाही. मे महिन्यात परभणीकडच्या शेतात उभं राहिलात की स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसतो. कॅमेरा झटकन फिरवला की चित्रात विजेचे खांब तिरके होतात. बॅटरी लहान आहे, टाइप-सीवरून पॉवरबँक लावता येते म्हणून निभतं. आणि तापतो. ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर हे सेटिंग ‘हाय’वर ठेवलं तरी आपल्याकडच्या उन्हात फोरके लावायचं तर छत्री धरायला एक माणूस लागतो. कागदावर बघितलं तर मी कॅननच घ्यायला हवा होता.

नाही घेतला, आणि त्याचं कारण एक बारीकसं भोक. या किमतीतल्या बऱ्याच डीएसएलआरना माइकचा जॅक असतो, हेडफोनचा नसतो. २००डी मार्क टूला नाही. झेडव्ही-ई१० ला दोन्ही आहेत.

ही गोष्ट कॅमेऱ्याच्या माहितीच्या तक्त्यात शेवटच्या ओळीत असते, म्हणून सविस्तर सांगतो. दसऱ्यानंतर बीडकडे एका ऊसतोड मजूर बाईंची मुलाखत घेत होतो. टोळी निघायची तयारी चालली होती, ट्रॅक्टरमध्ये भांडी, कोयते, शेळी चढत होती. हातात मागून आणलेला डीएसएलआर होता, मॉडेल कुठलं याला महत्त्व नाही. कॉलर माइक पदराच्या काठाला लावलेला. मावशी बोलायला पक्क्या. मुकादमाकडून किती उचल घेतली, फिटली किती, पोरीची शाळा कुठल्या महिन्यात सुटते, सगळं न अडखळता सांगत होत्या. बोलताना दर थोड्या वेळाने पदराने तोंड पुसायच्या. स्क्रीनवर आवाजाच्या हिरव्या पट्ट्या जिथे हव्या तिथेच नाचत होत्या. मीटर फक्त आवाज किती मोठा आहे ते सांगतो, तो माणसाचा आहे की कापडाचा हे त्याला कळत नाही. रात्री फाइल उघडली तेव्हा प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यावर पदराची खर्र खर्र. तोवर टोळी कोल्हापूरकडे लागली होती. कानात साधा वायरचा इअरफोन असता तर पहिल्याच वाक्याला कळलं असतं आणि माइक चार बोटं वर सरकवला असता.

यावर कॅननवाल्यांचं उत्तर तयार असतं, आणि ते बरोबर आहे: झूम एच१एन किंवा टास्कॅम डीआर-०५ सारखा छोटा रेकॉर्डर घ्या, त्याला हेडफोन लावा, शॉटच्या सुरुवातीला टाळी वाजवा. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीतही कॅमेऱ्याचा आणि रेकॉर्डरचा आवाज लाटांवरून आपोआप जुळतात. बरोबर आवाज सांभाळणारा मित्र असेल तर मला तर वाटतं हीच जोडी सरस. पण मी बहुतेक वेळा एकटा जातो. दोन यंत्रं, दोन बॅटऱ्या, दोन कार्डं, आणि समोर माणूस बोलायला लागलेला. अशा वेळी रेकॉर्डरचं बटण हमखास राहून जातं. तुमचं काम लिहून ठेवलेल्या संवादांचं, रिटेक घेता येणारं असेल तर माझा हा सगळा मुद्दा निम्म्याने हलका होतो.

कॉम्प्युटरचं एवढं अवघड नाही. हॉस्टेलवर राहत असाल तर लॅपटॉप, विषय संपला. फक्त १६ जीबी रॅमच्या खाली जाऊ नका. घरी राहत असाल तर तेवढ्याच पैशात असेंबल केलेला डेस्कटॉप जास्त काम करतो आणि पुढे वाढवता येतो. पण लाइटचं काय? ग्राफिक्स कार्डवाला डेस्कटॉप रेंडरला, म्हणजे तयार फिल्मची फाइल बनवायला, बसला आणि लाइट गेली, तर घरच्या इन्व्हर्टरवर तो, पंखा आणि आईचा टीव्ही एकत्र फार वेळ निघत नाहीत. मला एम४ चिपचा मॅक मिनी, म्हणजे ॲपलचा छोटा डेस्कटॉप, यासाठी बरा वाटला. पूर्ण जोर लावला तरी ६५ वॅटच्या आसपास खातो. २०२४ मध्ये निघाला तेव्हा ५९,९०० रुपयांचा होता, विद्यार्थ्यांना ४९,९००. मॉनिटर, कीबोर्ड वेगळे. २५६ जीबी स्टोरेज मात्र थट्टा आहे, बाहेरून एसएसडी लावावीच लागते. गेम खेळायचे असतील किंवा पुढे थ्रीडीकडे वळायचं असेल तर असेंबल्डच घ्या. इन्व्हर्टर कुठल्याही मशीनसाठी यूपीएस मोडवर ठेवा, म्हणजे लाइट जाताच मशीन बंद पडत नाही.

वापरलेला कॅमेरा कुठून? लग्नसराई संपली की आपल्याकडचे फोटोग्राफर नवा घेण्याच्या बेतात असतात, तेव्हा ओळखीत विचारून ठेवा. नाही जमलं तर तपोवन किंवा देवगिरी एक्सप्रेसने मुंबई गाठा. सीएसएमटीला उतरलं की कॅमेऱ्यांच्या दुकानांचा बोरा बाजार पायी आहे. शटर किती वेळा उडालंय यावर विक्रेता बराच वेळ बोलेल, व्हिडिओवाल्याला त्याचं तेवढं महत्त्व नाही. पांढरी भिंत दाखवून एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, एक फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. घरून वायरचा इअरफोन न्या, ब्लूटूथवाला नको, त्यात आवाज मागे पडतो. बोया बीवाय-एम१ सारखा स्वस्त कॉलर माइकही न्या. त्याच्या डबीवरचं बटण ‘कॅमेरा’वर करून आत सेल असल्याची खात्री करा. दोन्ही पिना लावा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि दुकानदार किंमत सांगत असताना पिना हलक्या हाताने फिरवून बघा. करकर आली तर दुसरा पीस मागा.